आळीत अंधार, किनाऱ्यावर रोषणाई: आमच्या नगरपरिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक व मुख्याधिकारी
(माहितीसाठी: पोलीस ठाणे, महावितरण, मत्स्यव्यवसाय विभाग आणि कोकण किनाऱ्यावरच्या इतर नगरपरिषदा व नगरपंचायती)

विषय: किनारा सुशोभीकरण, कॅमेरे आणि जेट्टी रस्त्यावरचे विक्रेते हटवण्याच्या ठरावाचा फेरविचार

स.न.वि.वि.

या पत्रात शहराचे नाव मुद्दाम घातलेले नाही. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठल्याही किनारी शहरातल्या माणसाने हे वाचले तर त्याला ते आपल्याच गावचे वाटेल, आणि त्यात त्याचे फारसे चुकणार नाही. ज्यांना लिहिले आहे त्यांना ते कळेलच.

मागच्या सर्वसाधारण सभेत आपण एकाच ठरावात तीन गोष्टी मंजूर केल्यात. किनाऱ्यावर हायमास्ट दिवे आणि शहराच्या नावाची झगमगती अक्षरे. चौकांत आणि किनाऱ्यावर कॅमेरे. आणि संध्याकाळी साडेसातनंतर जेट्टी रस्त्यावर एकही हातगाडी किंवा मासळीची पाटी राहू नये यासाठी रोजची कारवाई. कारण म्हणून ठरावात 'वाढत्या चोऱ्या व गैरप्रकार' असे शब्द आहेत. चोऱ्या वाढल्या, याबद्दल आमचे दुमत नाही. पण त्या होतात कुठे, हे ठराव लिहिताना कोणी पाहिलेले दिसत नाही. जिथे अक्षरे लागणार आहेत तिथे कोणाचा कडीकोयंडा तुटलेला नाही. तो तुटतो मागच्या आळ्यांत, पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) वळणावरच्या बंद घरात, आणि मासेमारी बंद असते तेव्हा वर ओढून ठेवलेल्या होड्यांवर.

आम्ही या जुन्या वस्तीतले रहिवासी आहोत. खारवीवाडा, मोहल्ला, भंडारआळी, बाजारपेठेमागची घरे. आमच्यात होडी चालवणारे तांडेल आहेत, मासळी विकणाऱ्या बायका आहेत, गवंडी, वायरमन, निवृत्त शिक्षक आणि दुकानदार आहेत. घरपट्टी आणि पाणीपट्टी आम्ही याच नगरपरिषदेत भरतो. या ठरावाने आमची वस्ती अधिक ओस पडेल आणि ओस वस्तीत चोर निर्धास्त होईल, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते का, हे पुढे तपशिलाने लिहितो.

आधी बंद घरे, कारण सगळे तिथून सुरू होते.

कौलारू घर माणसाशिवाय किती टिकते, याचा हिशेब इथल्या कुठल्याही गवंड्याला विचारा. पहिल्या पावसाळ्यात माडाची झावळी पडून किंवा वानरांच्या उड्यांनी पाचदहा मंगलोरी कौले फुटतात, सरकतात. घरात माणूस असेल तर ती आठवड्याच्या आत बदलली जातात, कारण पाणी थेट जेवणाच्या पानात पडते. घर बंद असेल तर ते पाणी कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांवर, म्हणजे रिपांवर, पडत राहते. पुढच्या वर्षी रिपा कुजतात आणि वाळवी वाशांना लागते. जुन्या भिंती जांभ्याच्या खऱ्या, पण चिरे मातीत बसवलेले. भिंतीच्या माथ्यावरून पाणी उतरू लागले की सांध्यांतली माती धुऊन जाते आणि चिरा मोकळा होतो. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात छपराचा कणा असलेले आढे खाली बसते. मग ते घर दुरुस्तीचे राहत नाही.

चोरी याच क्रमाने आत शिरते. पहिल्यांदा विहिरीवरचा पंप आणि त्याची तांब्याची वायर. मग नळ, मग माजघरातली तांब्यापितळेची भांडी. त्यानंतर खिडक्यांचे गज आणि सागवानी दारे. दारच गेले की पत्त्यांचा डाव आणि दारू यांना छप्पर मिळते, आणि शेजारच्या दोन घरांतल्या मुली त्या वाटेने जायच्या बंद होतात. मालक मुंबईला किंवा पुण्याला. त्याला हे गणपतीत कळते. तक्रार द्यायला गेल्यावर 'चोरी कोणत्या तारखेला झाली' या प्रश्नावरच ती अडते, किंवा शेजाऱ्याने कळवले तर 'मालकाला घेऊन या' असे उत्तर मिळते. वास्तविक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत त्यावर सही करायची असते. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला याचाही अडथळा नाही, त्यामुळे मालक दादरच्या ठाण्यातही खबर देऊ शकतो. हे चार ओळींत छापून घरपट्टीच्या बिलाच्या मागे घालायला नगरपरिषदेला वेगळा खर्च येणार नाही.

घरे बंद का राहतात, त्याची कारणे आपल्याला ठाऊक आहेत, पण ती एकत्र मांडलेली कधी दिसली नाहीत. उत्तरेकडच्या शहरांत ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाचा मोठा वाटा आहे. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हाती पीक यायला सहासात वर्षे लागतात. वाडीवर जगणारे घर तेवढी वर्षे काय खाणार? तरुण माणसे गेली, छपरावरची ताडपत्री तशीच राहिली.

दुसरे कारण मिळकत पत्रिका. ती अजून आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर. वारस पंधरावीस, कोणी डोंबिवलीत, कोणी वडोदऱ्यात. एकाने कौले बदलायला पैसे काढावेत तर 'उद्या वाटणीत धरणार का' हा प्रश्न. विकायचे तर सगळ्यांच्या सह्या. म्हणून घर तसेच राहते.

तिसरे कारण भीतीचे, आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठे. भाडेकरू ठेवला तर तो घर बळकावेल. ही भीती कोकणात कुळकायद्याच्या आठवणीतून आणि मुंबईच्या जुन्या भाडेकायद्यातून आली आहे, आणि ती आजही जशीच्या तशी आहे. कायदा मात्र बदलला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मागता येते. अट एकच: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी आता घरबसल्या होते. हे किती मालकांना माहीत आहे? आणि ज्या शहरात शिक्षिका, परिचारिका, बँकेतले बदलीचे कर्मचारी खोली शोधत फिरतात, तिथे आळीच्या आळी कुलूपबंद राहावी, याला दुसरे कारण आम्हाला दिसत नाही.

नगरपरिषद या घरांचे काय करते? महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम १९५ ची धोकादायक बांधकामाची नोटीस काढते आणि ती त्याच बंद दारावर चिकटवते. ती वाचायला दारात कोण असते, हे कृपया सांगावे.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण सभेत ती उलटी मांडली गेली. जुनी घरे पाडून शनिवार-रविवारचे बंगले झाले म्हणजे वस्ती सुधारली असे नाही. आठवड्यातले पाच दिवस बंद असलेला बंगला हेसुद्धा बंद घरच आहे. फक्त त्यात चोरण्यासारखे जास्त असते. पणजीची जुनी वस्ती फोंतेन्यास पाहा. तिथली जुनी घरे रंगवून-सांभाळून उभी राहिली ती आत माणसे राहत होती म्हणून. दारातल्या फोटोवाल्यांना तिथले लोक वैतागले आहेत, पण वैतागायला घरात कोणीतरी आहे.

आता दिवे. हे काम सोपे वाटते, म्हणूनच ते नीट होत नाही.

जुन्या आळ्यांत खांब महावितरणचा, दिवा नगरपरिषदेचा, आणि मधली तार कोणाची यावर दर पावसाळ्यात वाद. शिडीची गाडी एकच, ती मिरवणुकीच्या आणि मंत्र्यांच्या वाटेवर. त्यामुळे जूनमध्ये गेलेला दिवा गणपतीच्या आदल्या दिवशी लागतो.

खाऱ्या हवेत एलईडीची पट्टी सहसा जात नाही. जातो तो ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला योग्य तेवढी वीज पुरवणारा भाग. वायर आत शिरते तिथली ग्लँड (घट्ट बूच) सैल राहिली की खारी दमट हवा आत जाते, टर्मिनल हिरवे पडते. मग पावसाच्या पहिल्या विजांबरोबर व्होल्टेजचा झटका येतो आणि काम संपते. निविदेत बहुधा वॅट आणि दर एवढेच असते. किनाऱ्यावरच्या निविदेत आयपी ६६ दर्जाचे (धूळ-पाणी आत न जाऊ देणारे) कवच, १० किलोव्होल्टचे सर्ज (व्होल्टेजच्या झटक्यापासूनचे) संरक्षण, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि वेगळा बदलता येणारा ड्रायव्हर या चार गोष्टी लिहिल्याशिवाय ती काढूच नये. शेवटची अट महत्त्वाची. ड्रायव्हर वेगळा निघत असेल तर वायरमन वीस मिनिटांत दिवा चालू करतो. नसेल तर अख्खा दिवा भंगारात.

खांब कुठे कुजतो, तेही पाहावे. वरून नाही, जमिनीलगतच्या वीतभर भागात. तिथे पाणी साचते, कुत्री मुततात, कचरा चिकटतो. चंदेरी रंग म्हणजे जस्त नव्हे. गरम जस्तात बुडवून काढलेला खांब, जस्ताच्या थराची जाडी मोजल्याचा दाखला आणि पायथ्याशी जमिनीच्या वीतभर वर आणलेली, बाहेर उतार दिलेली काँक्रीटची कॉलर, एवढे केले तर खांब टिकतो. जोडपेटी गुडघ्याच्या उंचीवर ठेवू नये. तिचे झाकण पहिल्याच वर्षी गंजून पडते, तारा उघड्या पडतात आणि मुले तिथल्या साचलेल्या पाण्यातून शाळेत जातात.

आणि हायमास्ट. बारा-सोळा मीटर उंच खांबावरचा दिवा चौक उजळतो, हे खरे. पण चौकातून डोळे दिपून आळीत शिरणाऱ्याला पुढची पन्नास पावले काहीच दिसत नाही, आणि आळीत उभ्या असलेल्याला चौकातला प्रत्येक जण दिसतो. चोराची सोय यापेक्षा चांगली कशी करणार? शिवाय हायमास्टची चौकट खाली आणायची तारेची दोरी आणि विंच खाऱ्या हवेत गंजून अडकते. मग एक दिवा बदलायला बाहेरगावाहून क्रेन. म्हणूनच किनाऱ्याकिनाऱ्यावर अर्धे विझलेले हायमास्ट उभे आहेत.

किनाऱ्यावर त्याचा आणखी एक दोष आहे. ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. वेळास, आंजर्ले, गुहागर ही नावे त्यासाठी देशभर माहीत झाली आहेत. पिल्ले वाळूतून वर आली की उजेडाकडे धावतात. समुद्र अंधारात आणि गाव झगमगत असेल तर ती गावाकडे येतात. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत कासवांच्या घरट्यांची जागा सर्वांत संवेदनशील गटात धरली आहे. समुद्राकडे तोंड केलेले दिवे लावण्याआधी ही फाइल कोणी पाहिली का?

आळीला लागतो तो लहान दिवा. तीन-चार मीटर रुंद आळीत नऊ मीटरचा खांब फक्त कौले आणि आंब्याचा शेंडा उजळतो. घराच्या भिंतीवर किंवा कमी उंचीच्या खांबावर साधारण पाच मीटरवर, १८ ते २० वॅटचा, पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपासचा दिवा, दर वीस-पंचवीस मीटरला. दोन दिव्यांचे उजेड मध्ये एकमेकांत मिसळले पाहिजेत. पाखाडीच्या प्रत्येक वळणावर एक, पायऱ्या जिथे सुरू होतात आणि संपतात तिथे एकेक. तपासणीला यंत्र लागत नाही. रात्री आठनंतर चालत जावे. दहा पावलांवरच्या माणसाचा चेहरा ओळखू आला पाहिजे. फक्त आकृती दिसत असेल तर दिवा जळतो आहे पण कामाचा नाही. ही तपासणी मे महिन्यात झाडांच्या फांद्या तोडल्यानंतर एकदा आणि ऑगस्टमध्ये पाला दाट झाल्यावर पुन्हा करावी लागते.

तिसरी गोष्ट विक्रेत्यांची. इथे आपला ठराव नुसता चुकीचा नाही, तो कायद्यालाही धरून नाही.

पथ विक्रेता (उपजीविका संरक्षण व पथ विक्री विनियमन) अधिनियम, २०१४ सांगतो की सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवता येत नाही. स्थलांतर करायचे तर तीस दिवसांची नोटीस हवी. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे, त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. आपल्या शहरात ही समिती शेवटची कधी बसली, तिचे इतिवृत्त कुठे आहे, हे आम्ही लेखी मागत आहोत.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहा. होड्या संध्याकाळी लागतात, लिलाव होतो, बायका तिथून मासळी उचलतात आणि कामावरून परतणारा माणूस आठ-साडेआठला ती घेतो. साडेसातला पाट्या उचलायच्या म्हणजे उरलेला माल बर्फात, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या भावाला. आणि साडेसातनंतर त्या रस्त्यावर उरणार कोण? आज तिथे रात्री नऊपर्यंत चाळीसभर डोळे असतात. कोणती होडी कधी लागली, कोणता अनोळखी माणूस दोनदा येऊन गेला, कोणाच्या गाडीतून काय उतरले, हे त्या बायकांना आणि चहाच्या गाडीवाल्याला कोणी न सांगता दिसते. आपण ते डोळे काढून तिथे कॅमेरा लावणार आहात.

हा किनारा हलका नाही, याची आठवण आम्ही करून द्यायची वेळ यावी हे विचित्र आहे. १९९३ मध्ये स्फोटके उतरली ती रायगडच्या शेखाडी-दिघीला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोटीत एके-४७ रायफली सापडल्या. पुढच्याच ऑगस्टमध्ये दापोली आणि श्रीवर्धनच्या वाळूवर चरसची पाकिटे लागली, आणि पोलीस व सीमाशुल्क विभागाला किनारा पायी तुडवावा लागला. गावकऱ्यांचे सागर रक्षक दल नेमून, किनारा सुरक्षेच्या 'सागर कवच' कवायती घेऊन आणि १०९३ व १५५४ हे मदत क्रमांक भिंतींवर रंगवून सरकार आम्हालाच सांगते की तुम्ही डोळे उघडे ठेवा. मग संध्याकाळी साडेसातला घरी जा, असे नगरपरिषद कशी सांगते?

कॅमेऱ्यांना आमचा विरोध नाही. मात्र ते लावून सोडून देण्याला आहे. किनाऱ्यावर काचेवर आठवड्याभरात मिठाचा पापुद्रा बसतो. गोड्या पाण्याने पंधरवड्याला पुसले नाही तर चित्र दुधाळ होते. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांवर कोळी येतो, आणि उजळलेल्या जाळ्यापलीकडचे काही दिसत नाही. सहा मीटर उंचीवर लावलेला कॅमेरा डोक्यावरचे केस दाखवतो, चेहरा नाही. गाडीचा क्रमांक हवा असेल तर त्यासाठी वेगळा, अरुंद कोनाचा कॅमेरा लागतो. यूपीएसची बॅटरी दोनतीन वर्षांत जाते, आणि चोऱ्या नेमक्या वीज गेलेल्या रात्री होतात. रेकॉर्डरचे घड्याळ वीस मिनिटे पुढे असेल तर न्यायालयात पहिला प्रश्न त्यावरच येतो. आणि चित्रण पुरावा म्हणून चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह (चित्रणाची फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या खुणेसह) प्रमाणपत्र द्यावे लागते. ते कोण देणार, त्याचे नाव आणि पद निविदेआधी ठरवा. चित्रण किती दिवस ठेवणार आणि ते बघण्याचा अधिकार कोणाला, हेही लिहून काढा. आमच्या मुलींचे चित्रण कोणाच्या मोबाइलवर फिरता कामा नये.

होड्यांबद्दल थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. खलाशी आपापल्या गावी जातात, कितीतरी नेपाळला. होड्या वर ओढलेल्या, जेट्टी अंधारात. याच दोन महिन्यांत बॅटऱ्या, होडी ढकलणारे पितळी पंखे, फिशफाइंडर (मासे शोधणारे यंत्र) आणि डिझेल जाते. समुद्रावर ड्रोन फिरवणाऱ्या शासनाला बंदरावर दोन महिने दोन राखणदार आणि चार दिवे परवडत नाहीत, हे पटत नाही. पंखा आणि इंजिन यांचे क्रमांक मे महिन्यात होडीमालकांनी नोंदवून द्यावेत, मच्छीमार सोसायटीने ती यादी ठाण्यात ठेवावी, आणि भंगारवाल्याने पितळ घेताना विकणाऱ्याचे ओळखपत्र नोंदवावे. चोरीचा माल घेणारा सापडला तर चोरी थांबते. पितळी पंखा कोणी घरात शोभेला ठेवत नाही.

आणि दर चोरीनंतर 'परप्रांतीय खलाशी' हे शब्द उच्चारणे थांबवावे. ही माणसे आठ-दहा महिने होडीवर झोपतात, कारण त्यांना खोली कोणी देत नाही. त्यांची ओळखपत्रे होडीमालकाकडे आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडे असतात. शहरातल्या कितीतरी भाडेकरूंपेक्षा त्यांची नोंद पक्की आहे. बंद घरांपैकी दोन दुरुस्त करून सोसायटीमार्फत त्यांना रीतसर करारावर द्यावीत. आळीत माणसे राहतील आणि घराला भाडे मिळेल.

हे सगळे जमण्यासारखे आहे का? वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा डेपोची जागा, जिथून लोक नाक धरून जात, ती लोक पाहायला येतील अशी करून दाखवली. तिथे घरोघरी वर्गीकरण झाले, प्लास्टिक तुकडे करून डांबरी रस्त्यात गेले, ओल्या कचऱ्यातून गॅस निघाला. त्यासाठी परदेशी सल्लागार आणावा लागला नाही; मुख्याधिकारी सकाळी आळ्यांतून फिरत होते.

बाहेरचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचे घ्या. तिथे ५४१ ओसाड भूखंड निवडून काहींवर अगदी साधे काम केले गेले: कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडे लावली, भोवती बुटके लाकडी कुंपण घातले, आत जाता येईल अशी फट ठेवून. मग नियमित गवत कापले. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरीब वस्त्यांत अशा जागांभोवती बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी घटले. आपल्याकडचे गुन्हे निराळे आहेत, हे आम्हाला कळते. पण पडक्या घराच्या जोत्यावरचे रान साफ करून, कमरेएवढा गडगा घालून, दोन सोनचाफे लावून ती जागा राखणे याला किती खर्च येईल, याचे अंदाजपत्रक तरी आपण कधी मागवले आहे का? आम्ही गडगा बुटका म्हणतो ते विचारपूर्वक. उंच भिंत घातली की मागे काय चालते ते दिसत नाही.

अडचण पैशाची नाही, लेखाशीर्षाची आहे, म्हणजे तो कोणत्या कामाच्या नावाने येतो याची. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामे, पर्यटन निधी, सगळीकडून पैसा येतो तो नव्या कामाला. नवे काम झाले की उद्घाटन होते, कोनशिला बसते. ड्रायव्हर बदलल्याची कोनशिला नसते. म्हणून प्रत्येक नव्या दिव्याबरोबर, कॅमेऱ्याबरोबर, बाकड्याबरोबर पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच ठरावात बाजूला ठेवली नाही, तर ते काम मंजूर होऊ नये.

आमच्या मागण्या अशा:

१. जेट्टी रस्त्यावरच्या कारवाईला ताबडतोब स्थगिती. पथविक्रेता समितीची बैठक, सर्वेक्षण, प्रमाणपत्रे, आणि तोवर रात्री नऊपर्यंत विक्रीला मोकळीक. कचऱ्यासाठी झाकणाचे डबे आणि हात धुवायला नळ द्या. स्वच्छतेची जबाबदारी बायका लेखी घ्यायला तयार आहेत.

२. हायमास्ट आणि अक्षरांचा निधी आळ्यांतल्या दिव्यांकडे वळवावा. ज्या निधीला ते चालत नसेल त्याची अट दाखवावी. प्रत्येक दिव्याला क्रमांक, तक्रारीसाठी एकच फोन, ४८ तासांत दुरुस्ती, आणि शंभर दिव्यांमागे पाच सुटे दिवे व दहा ड्रायव्हर भांडारात. महावितरणसोबत तारेची जबाबदारी एका कागदावर ठरवून तो कागद प्रसिद्ध करावा. समुद्राकडे उघडा दिवा नको.

३. बंद घरांची यादी आळीनिहाय तयार करावी: मालक किंवा एका वारसाचा फोन, किल्ली कोणाकडे, छपराची अवस्था. ही यादी कार्यालयात आणि ठाण्यात राहील, भिंतीवर लागणार नाही; चोरांना ती फुकट द्यायची नाही. कलम १९५ ची नोटीस यापुढे दारासोबत मालकाच्या हाती पडेल अशी पाठवावी.

४. गणपतीच्या दिवसांत, सगळे वारस गावात असतात तेव्हा, नगर भूमापन कार्यालयासोबत वारसनोंदीचे शिबिर. तिथेच लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीची मदत आणि कौले शाकारणाऱ्या कारागिरांची यादी. वर्षाच्या इतर दिवसांत असे शिबिर घेऊन उपयोग नाही.

५. कॅमेरे लावण्यापूर्वी देखभाल, साठवण, प्रमाणपत्र आणि अधिकार यांचा लेखी नियम. पहिले कॅमेरे जेट्टीच्या तोंडाशी आणि शहरात शिरणाऱ्या रस्त्यांवर, चेहरा दिसेल अशा उंचीवर.

६. जून-जुलैसाठी बंदरावर दोन राखणदार. निम्मा खर्च मच्छीमार सोसायट्या उचलतील, असे त्यांनी कळवले आहे.

७. महिन्यातून एकदा रात्री आठ वाजता प्रभागाचे नगरसेवक, ठाण्याचा बीट अंमलदार, वायरमन आणि रहिवासी यांनी एक आळी चालत पाहावी. गाडीतून नव्हे.

हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि ती विषयपत्रिका सभेच्या आदल्या संध्याकाळी नव्हे तर नियमाप्रमाणे आधी सूचना फलकावर लावावी. लेखी उत्तर सभेपूर्वी मिळाले तर आम्ही ते या पत्रासारखेच सर्वांसमोर ठेवू. न मिळाल्यास पथविक्रेता कायद्याखालची दाद मागण्याची तयारी आम्ही केली आहे. आळ्यांतल्या बंद दिव्यांची पहिली यादी, खांबांच्या जागेसह, आवक-जावक विभागात स्वतंत्र दिली आहे. तिची पोच आमच्याकडे आहे.

कळावे,

आपले,
जुन्या वस्तीतील रहिवासी, मासळी विक्रेत्या आणि होडीमालक